सदुसष्ट सीसी

४ मार्च

आत्या,

वाकून नमस्कार केला असं समज. प्रत्यक्षात वाकलेय ती एका उघड्या इंजिनावर, आणि कागदावरचे डाग तेलाचे आहेत. काम आकड्यांचं आहे. 'तोंडी आकडा म्हणजे अफवा' हे तुझंच वाक्य, म्हणून फोन न करता लिहितेय.

गाडी आहे फिरत्या वाचनालयाची. लांबलचक, मागे मोठं दार, वीस वर्षं जुनी, टर्बोवाली. वाचनालयाच्या बाई तिच्यात पुस्तकांची खोकी भरतात आणि घाट चढून वरच्या सहा शाळांना वाटतात. मागच्या महिन्यात तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन फुटला. मी इंजिन पूर्ण सोडवलं, सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे करून घेतले, नवे पिस्टन आणले. आता अडलंय ते कॉम्प्रेशनवर. किती ठेवू?

मालक म्हणतात साडेआठ. कंपनीचं पुस्तक म्हणतं साडेआठ. पण साडेआठचंच इंजिन फुटलं की नाही? मालकांचं म्हणणं, इंजेक्टर चोंदला होता, पेट्रोल कमी पडलं आणि पिस्टन तापून गेला. आकड्याचा दोष नाही. मला झोप येत नाही, कारण हे नेहमीचं काम नव्हे. मालक थकलेत. शेजारच्या टायरवाल्याला आमची जागा हवीय. मालकांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे इंजिन तू एकटीने बांध. मी बोट लावणार नाही. पुस्तकांनी भरलेली गाडी धड घाट चढली तर गॅरेज तुझं. नाही चढली तर मी टायरवाल्याला हो म्हणतो, आणि तू त्याच्याकडे पंक्चर काढ."

वरच्या शाळांत पुस्तकं तेरा एप्रिलला पोचायला हवीत.

तुझ्या हातचं एकही इंजिन परत आलं नाही, असं घरात सगळे म्हणतात. आकडा सांग, आत्या. कारणासकट सांग.

तुझी भाची


९ मार्च

पोरी,

कारणासकट सांगते, कारण कारणाशिवाय आकडा मानणारी माणसंच उद्या कारणाशिवाय राजा मानतात.

कॉम्प्रेशन म्हणजे काय, हे मला बाबांनी मी सात वर्षांची असताना स्टुलावर उभं करून शिकवलं. पिस्टन खालून वर येताना जेवढी हवा ढकलतो ती मोज. पिस्टन वर टेकला की डोक्यावर जी पोकळी उरते ती मोज. पहिल्याला दुसऱ्याने भाग. झालं. आमच्या वर्कशॉपमध्ये शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं हा भागाकार बोटांवर करायची.

साध्या इंजिनात दाब वाढवला तर ताकद वाढते, कबूल. पण तुझं इंजिन टर्बोचं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि हवा आधीच दाबून आत कोंबतो. आधीच दाबलेल्याला तू वरून आणखी दाबलंस तर तो ठिणगीची वाट पाहत नाही, आपला आपण पेटतो. इंजिनात त्याला ठोका म्हणतात, इतिहासात बंड म्हणतात. दोन्हीकडे आधी राज्यकर्त्याचं डोकं उडतं. तू इतिहास वाच. मी तुला वाढदिवसाला तीन जाड पुस्तकं दिली होती, त्यांच्यावर तू टेबलाचा पाय टेकवलास हे मला ठाऊक आहे.

म्हणून: साडेसात. त्यावर पाव नाही. टर्बोची चौदा इंजिनं मी साडेसातने बांधली आणि चौदाही धावली.

कंपनीच्या पुस्तकाचं मला सांगू नकोस. तीस वर्षं बघतेय, प्रत्येक पुस्तकातला आकडा माझ्या मापापेक्षा बरोबर एकाने जास्त. जाहिरात, दुसरं काय! मिठाईवाला खोक्यासकट तोलतो, तसे हे.

आणि हा साडेआठवाला मालक कोण? नाव का लिहिलं नाहीस?

आत्या


१५ मार्च

आत्या,

ठरलं. साडेसात.

शाळेच्या प्रयोगशाळेतून ब्युरेट मागून आणली. सिलिंडरांवरचं झाकण, हेड, उलटं ठेवलं, वर भोक पाडलेली काच बसवली आणि लाल रंगाचं तेल थेंब थेंब सोडून चारही पोकळ्या तीन तीनदा मोजल्या. शेवटचा बुडबुडा भोकातून निघतो ना, तेव्हा श्वास आपोआप थांबतो. नंतर पिस्टनच्या माथ्यावरची वाटी मोजली, हेडखाली बसणाऱ्या गॅस्केटची जाडी धरली. माझा हिशेब सांगतो की नेहमीचं गॅस्केट घातलं तर साडेआठ भरतं. म्हणजे दाब उतरवायला वर जागा वाढवायला हवी. तांबट आळीतून तांब्याचं जाड गॅस्केट कापून आणलं आणि मालक बँकेत गेले होते तेव्हा बसवलं.

हो, चोरून. ते एवढंच म्हणाले होते, "बांधलंस की सांग." मी सांगितलं, बांधलं. कशाने बांधलं, ते त्यांनी विचारलं नाही. मी खोटं बोलले नाही, फक्त गप्प बसले. यात पाप किती, तूच भागाकार कर.

मालक म्हणजे मालक. वय झालेले, कमी बोलणारे, चष्मा दोऱ्याने बांधलेले. नावात काय आहे?

तीस तारखेला घाट.

भाची


१९ मार्च

पोरी,

शाब्बास! तू माझ्या बाजूने उभी राहिलीस म्हणून नव्हे, तर मालकापुढे स्वतःच्या बुद्धीने उभी राहिलीस म्हणून. (दोन्ही एकच आहे, पण दुसरं लिहायला बरं वाटतं.)

नावात काय आहे म्हणतेस, तर ऐक. बाबांच्या हाताखाली माझ्याबरोबर एक जण शिकत होता. हुशार. पुढे टेक्निकल शाळेत गेला आणि शिकवूनही आला, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. बाबा गेल्यावर वर्कशॉप आम्ही दोघांनी चालवलं. एकमेकांच्या ताटातलं उचलून खाण्याइतकी दोस्ती. लोक काय काय बोलायचे, आणि खरं सांगू, लोकांचं फार चुकत नव्हतं.

मग टर्बोचं पहिलं इंजिन आलं. मी त्याला सांगितलं, साडेसात. तो म्हणाला, बरं. इंजिन बांधून झालं आणि मी जॉबकार्ड बघते तर त्याच्या अक्षरात: साडेआठ! माझ्या पाठीमागे! मी तिथेच खोक्यावर चढले आणि अख्ख्या वर्कशॉपसमोर चाळीस मिनिटं बोलले. विश्वासघात म्हणजे काय, यावर. आजही ते भाषण मला पाठ आहे. शेवटी मी त्याला खोटारडा म्हटलं. तो हात पुसत ऐकत होता. ऐकून झाल्यावर पाने पेटीत भरली आणि गेला. तीस वर्षं झाली.

तेव्हा साडेआठवाल्यांपासून जपून राहा. दिसायला ते गरीबच असतात.

घाटाचं कळव.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

दोन दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुला वाचवलं नसतं.

घाट चढला नाही. म्हणजे गाडी वर गेली, पण जनावर खाटकाकडे जातं तशी. सरळ रस्त्यावर ठीक. वळणावर वेग कमी झाला की इंजिन मेल्यासारखं. मी पेडल दाबतेय, दाबतेय, आणि ते विचार करतंय. सातव्या वळणावर तर एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वर "ढकलू का?" असं विचारलं. मग वळण संपल्यावर टर्बो एकदम जागा झाला, गाडीने उडी मारली, खोकी सरकली आणि शब्दकोशाचा जाडजूड खंड वाचनालयाच्या बाईंच्या मानेवर पडला. बाई एवढंच म्हणाल्या, "आजवर माझ्यावर ज्ञान असं कधी कोसळलं नव्हतं." त्या हसल्या. मी रडायच्या बेतात होते.

खाली आल्यावर मालकांनी बॉनेट उघडलं, हेडच्या कडेवरून नख फिरवलं. तांब्याची लाल कड दिसली त्यांना. "हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "माझं मीच." ते म्हणाले, "इंजिन बिघडलेलं नाही. झोपलंय. तेरा तारखेला मी पुन्हा बसेन गाडीत. त्या दिवशी टायरवाल्याला उत्तर द्यायचंय."

आता तू सांग. मी सगळं तुझ्या शब्दावर केलं. पिस्टन एका फेरीत पाचशे पाच सीसी ढकलतो. तीन मिलिमीटरचं गॅस्केट घालून वरची पोकळी केली अठ्ठ्याहत्तर सीसी. साडेसात भरतं, दहादा तपासलं. मग तुझी चौदा इंजिनं धावली कशी? का तीही अशीच झोपून धावायची आणि तुझ्या भीतीने कुणी परत आणली नाहीत?

आणखी एक. मालक म्हणजे मास्तर. तुझेच. तीन वर्षांपूर्वी मी इथे कामाला लागले तेव्हा मला माहीत नव्हतं; त्यांच्या पेटीतल्या पान्यांवर आजोबांच्या वर्कशॉपचा शिक्का पाहिला तेव्हा कळलं. मी कुणाची भाची, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. तुमच्या भांडणात माझं गॅरेज जातंय, आत्या.

भाची


५ एप्रिल

माझ्या पोरी,

हे पत्र मी उभ्याने लिहितेय. बसवत नाही.

तुझं पत्र वाचून आधी मी भडकले. तीन मिलिमीटर! ते गॅस्केट आहे की पायपुसणं? मग अठ्ठ्याहत्तर हा आकडा वाचला आणि ओरडले, "अगं वेडे, साडेसातला सदुसष्ट लागतात!" घरात कुणी नव्हतं, तरी ओरडले. पाचशे पाचला सदुसष्टने भागलं की साडेसात. अठ्ठ्याहत्तरने भागलं तर जेमतेम साडेसहा येतात. तुला साधा भागाकार येत नाही, असं लिहायला कागद घेतला. पण तू 'दहादा तपासलं' असं लिहिलं होतंस, आणि तू दहादा म्हणतेस तेव्हा बारादा तपासलेलं असतं. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयात जाऊन इंजिनाचं पुस्तक उघडलं.

हसू नकोस. मी राज्यक्रांत्या वाचल्या, नाटकं वाचली, तत्त्वज्ञान वाचलं, तुरुंगातून लिहिलेली पत्रं वाचली. कंपन्यांच्या पुस्तकांतला आकडा तेवढा बघायची; इंजिनाचं पुस्तक म्हणून कधी वाचलं नाही. ते मला बाबांनी शिकवलंय, मग पुस्तक कशाला?

पुस्तकात लिहिलंय: पिस्टन खाली असताना आत जेवढी जागा असते ती सगळी धरायची, आणि तिला वरच्या पोकळीने भागायचं. सगळी, पोरी! ढकललेली हवा आणि पोकळीत आधीपासून असलेली हवा, दोन्ही. म्हणजे बाबांच्या भागाकारात दर वेळी एक मिळवायचा राहतो. आमच्या वर्कशॉपचे साडेसात म्हणजे जगाचे साडेआठ.

बाबांनी तो भागाकार सोपा पडतो म्हणून ठेवला असेल. वर्कशॉपमध्ये सगळेच तसं बोलत, आणि मोजताना आम्ही सीसीच मोजत असू, म्हणून इंजिनं बरोबर बांधली जायची. खोटं होतं ते फक्त नाव. तू बाहेरची, पुस्तकातून शिकलेली, तू माझं नाव खरं धरलंस आणि इंजिन झोपवलंस. चूक तुझी नाही. प्रत्येक कंपनी बरोबर एकानेच का फुगवेल, हा प्रश्न मला तीस वर्षांत पडला नाही! मी, जी खोक्यावर चढून लोकांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगते!

सभेत दारातून आत येणारे मोजले आणि आधीपासून बसलेले मोजलेच नाहीत, असं झालं. आणि आमच्या वर्कशॉपमध्ये आधीपासून बसलेला एकच माणूस होता. त्याने त्या इंजिनात पोकळी अगदी मी सांगितली तेवढीच ठेवली होती. कार्डावर जगाच्या भाषेत साडेआठ लिहिलं. मी त्याला खोटारडा म्हटलं.

आता काम ऐक. तांबं काढून टाक. नेहमीचं गॅस्केट घाल, पण आधी हेड सपाट आहे का बघ. पट्टी ठेवून उजेडात धर, रेघभरही उजेड दिसता कामा नये. पोकळी पुन्हा मोज. सदुसष्ट. इंजेक्टर चारही साफ करून घे, कारण तेही तो खरंच बोलला होता. मग घाट चढ.

आणि हे पत्र त्याला दे. सगळं. भडकले तेही वाचू दे.

आत्या


१४ एप्रिल

आत्या,

नऊ तारखेला तुझं पत्र मिळालं. बारा तारखेला संध्याकाळी इंजिन गाडीत होतं. सदुसष्ट, सदुसष्ट, सदुसष्ट आणि चौथ्यात सव्वासदुसष्ट. चौथ्याला मी माफ केलं.

काल सकाळी बाई मागे, मालक शेजारी, खोकी दोरीने आवळलेली. पहिल्या वळणावर मी भीतीने खालच्या गियरला गेले. मालक म्हणाले, "कशाला?" दुसऱ्या वळणावर नाही गेले. आत्या, काय सांगू! पाय टेकवायचा अवकाश, इंजिन 'हो' म्हणतं. टर्बो कधी जागा झाला ते कळलंसुद्धा नाही, पायाखाली नुसती लाट यावी तसा जोर. मी कान लावून ठोका शोधत होते. चढणीवर, वजन घेऊन, चौथ्या गियरमध्ये. एकही नाही. सातव्या वळणावर तो सायकलवाला होता. बाईंनी काच खाली करून त्याला विचारलं, "ढकलू का?" मी इतकी हसले की आठवं वळण कसं घेतलं, ते देवाला ठाऊक.

वरच्या शाळेत पोरं गाडीवर तुटून पडली. बाई पुस्तकं वाटत होत्या, तेव्हा मी मालकांना तुझं पत्र दिलं. म्हटलं, "आत्याचं आहे." ते म्हणाले, "कुणाच्या?" म्हटलं, "माझ्या. आणि तुमच्या वर्कशॉपच्या." ते शाळेच्या पायरीवर बसून वाचू लागले. पत्रातल्या पायपुसण्यापाशी एकदा खांदे हलले. मग शेवटचं पान दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. घडी करून पत्र वरच्या खिशात ठेवलं.

"काही बोला ना," मी म्हटलं.

"तांबं चोरून घातलंस ते मला आवडलं नाही."

"चुकलं."

"चूक काढून परत बांधलंस ते आवडलं. चल खाली, उतारावर मी चालवतो."

अख्खा घाट ते शीळ घालत उतरले. गॅरेजचं काय, ते बोलले नाहीत. टायरवाला दारात उभा होता, त्याला "उद्या या" म्हणाले. मला आज काही विचारायची हिंमत होत नाही. ते सकाळपासून टेबलाशी बसून काहीतरी लिहितायत आणि फाडतायत.

भाची


१७ एप्रिल

बाई,

तुमचं पत्र भाचीने दिलं. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. पाच कागद फाडले, हा सहावा.

तुमचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. त्या दिवशी खोक्यावरून तुम्ही दुसरं वाक्य बोललात तेव्हाच मला कळलं होतं घोळ कुठे आहे ते. शाळेत शिकवताना पहिल्याच आठवड्यात मी स्वतः तिथे अडखळलो होतो. 'एक मिळवा' एवढं म्हणायचं होतं मला. दोन शब्द. पण सगळ्यांसमोर तुम्ही मला खोटारडा म्हणालात, म्हणून मी ते दोन शब्द तीस वर्षं गिळून बसलो. तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून तुम्ही चुकलात. मला माहीत असून मी चुकलो. माझी चूक मोठी.

तुमच्या भाचीविषयी. तिने नको तिथे माझं ऐकलं नाही आणि हवं तिथे स्वतःचं खोडलं. असं माणूस मला चाळीस वर्षांत दुसरं मिळालं नाही. एक होतं, ते खोक्यावर चढलं. टायरवाल्याला चौदालाच नाही म्हणून सांगितलं. गॅरेज तिचं झालं. कागद तिच्या नावावर केले, किल्ल्या दिल्या. पहिल्या दिवशी तिने मला सांगितलं की ब्युरेट जागेवर ठेवत जा. बरं वाटलं.

वाचनालयाच्या बाईंना तुमच्या भागातल्या दोन शाळांना पुस्तकं द्यायची आहेत. भाची गाडी घेऊन निघते आहे आणि हे पत्र तिच्याच हाती देतो आहे. म्हणजे तुम्ही वाचत असाल तेव्हा इंजिन तुमच्या दारात चालू असेल. बंद करू नकोस, असं मी तिला बजावलं आहे. परतताना मागची सीट रिकामी असेल. तुम्ही यावं.

आता कागद खाली ठेवा आणि बाहेर जा. आधी ते इंजिन ऐका. मग बोला.

मास्तर